तीनशे एकोणनव्वद नंबरचं दार

सुदेश घाग कॉम्प्युटर शिकला तो कॉलेजात नव्हे, डोंबिवली पूर्वेच्या एका सायबर कॅफेत. आयटीआयचा इलेक्ट्रॉनिक्सचा कोर्स झालेला, नोकरी नाही, म्हणून कळव्याहून रोज तिथे जाऊन बसायचा. बारा मशीनं होती, त्यातली तीन-चार कायम मान टाकलेली. मालक म्हणायचा, "बघ रे, जमलं तर बघ." सुदेश स्क्रू काढून बघायचा आणि बहुतेक वेळा जमून जायचं. ह्या 'जमलं तर बघ'वरच त्याचं पुढचं सगळं आयुष्य उभं राहिलं.

ठाण्यातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात तो चिकटला तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. चिकटला म्हणजे प्रिंटर अडकला की काढायचा, माऊस मेला की बदलायचा. डॉक्टर लोक त्याला नावानं कधी हाक मारत नसत. "अरे, त्या कॉम्प्युटरला बोलव," असं म्हणायचे, आणि मशीनला बोलवायचं की माणसाला, हे वॉर्डबॉयला न सांगता कळायचं. सुदेशला ते लागायचं, पण बोलून दाखवण्याचा त्याचा स्वभाव नव्हता. वडील सहदेव घाग कोलशेतच्या रंगाच्या कारखान्यात तीस वर्षं स्टोअरकीपर होते, तेही असेच कमी बोलणारे. मूळ गाव संगमेश्वरच्या बाजूचं. घरात चार माणसं: सहदेव, सुदेश, बालवाडीत शिकवणारी त्याची बायको मेघना आणि मुलगी सान्वी. चौघांत मिळून दिवसाला जेवढं बोलणं व्हायचं, त्यातलं निम्मं सान्वीचं.

कोविड ओसरल्यावर हॉस्पिटलची नवी इमारत झाली आणि मशीनं चाळीसवरून दीडशेवर गेली. प्रत्येक खात्याचं सॉफ्टवेअर वेगळं, पासवर्ड वेगळा. नर्सेसनी पासवर्डच्या चिठ्ठ्या मॉनिटरला चिकटवलेल्या. काही चिठ्ठ्यांवर तर सोडून गेलेल्या माणसांची नावं, आणि त्याच नावांवर आजचं काम चाललेलं. प्रशासक हरिहर नाबर एक दिवस वैतागून म्हणाले, "घाग, ह्यावर काही औषध आहे का?"

सुदेशनं आधीच वाचून ठेवलेलं होतं. म्हणाला, "सर, डिरेक्टरी सर्व्हर बसवू. गेटवर असा एक वॉचमन ठेवायचा, की त्याला आपल्याकडचा प्रत्येक माणूस नावानिशी ठाऊक असेल. मग कुठलंही मशीन असो, ते त्यालाच विचारणार, हा कोण, ह्याला आत सोडू का, कुठवर सोडू. एका माणसाला एक नाव, एक पासवर्ड. माणूस नोकरी सोडून गेला की एका जागी बंद केलं, सगळीकडे बंद."

"बाहेरून माणूस आणावा लागेल?"

"मला जमेल, सर."

हे वाक्य बोलताना आपला आवाज थोडा चढला, असं त्याचं त्यालाच वाटलं.

दोन महिने तो त्यातच बुडालेला होता. सर्व्हरवर लिनक्स चढवलं, त्यावर डिरेक्टरी बसवली, दोनदा बिघडवली, दोनदा पुसून पुन्हा उभी केली. हॉस्पिटल हे झाडाचं खोड, खाती ह्या फांद्या, माणसं ही पानं, असा तिचा आकार असतो. पानं भरायला नावांची यादी हवी होती आणि हॉस्पिटलकडे एकाला एक न जुळणाऱ्या तीन याद्या होत्या. तेव्हा त्याच्या मदतीला आली ती रेकॉर्ड रूमची क्लार्क, संचिता ओव्हाळ.

संचिता एकोणतीस वर्षांची. आंबिवलीहून यायची. वडील, आबा, तिथल्याच एका मोठ्या कंपनीत फिटर होते. कंपनी बंद पडल्यावर दुसरी नोकरी त्यांनी धरली नाही. संध्याकाळी विहारात बसून वस्तीतल्या पोरांना गणित शिकवायचे. पोरगी एम.कॉम. झाली आणि हॉस्पिटलात टेबलखुर्चीवर बसते, हा त्यांच्या बोलण्यातला पहिला विषय असायचा.

संचितानं तिन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि चारशे बारा माणसांना एकेक करून गाठलं. "सर, ठमाबाईंचं नाव तीन ठिकाणी तीन प्रकारे आहे. एका ठिकाणी तर थामाबाई. त्यांना विचारून आलेय, आधारवर आहे तसंच घ्या." ठमाबाई म्हणजे महिला वॉर्डातल्या आया, कळवा गावातल्याच. आपलं नाव मशीनमध्ये बरोबर पडलं का, हे बघायला त्या मुद्दाम वर आल्या होत्या. स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाल्या, "हीच का मी?"

काम अर्ध्यावर आलं असताना संचितानं एकदा विचारलं, "सर, मी इथे पासवर्ड टाकला की तो तारेतून तुमच्या सर्व्हरपर्यंत जातो ना? वाटेत कोणी वाचत नाही ना?"

असा प्रश्न हॉस्पिटलात दुसऱ्या कोणी विचारला नव्हता. सुदेशला त्याचं कौतुक वाटलं. त्यानं तिला समजावलं की सर्व्हरला दोन दारं असतात. तीनशे एकोणनव्वद नंबरचं दार उघडं. त्यातून पासवर्ड पोस्टकार्डासारखा जातो, हातात पडेल त्याला वाचता येतो. सहाशे छत्तीस नंबरचं कुलपाचं. त्यातून तो सीलबंद पाकिटात जातो. त्या सीलसाठी सर्टिफिकेट बनवावं लागतं, आणि प्रत्येक मशीनला ते सर्टिफिकेट ओळखायला शिकवावं लागतं. "मी सगळी मशीनं कुलपाच्या दारावर नेतोय. तू निर्धास्त राहा."

नेलीही त्यानं, खरंच. एकेका मशीनपुढे बसून सर्टिफिकेट चढवलं. फक्त लॅब आणि रेकॉर्ड रूम राहिली. तिथलं सॉफ्टवेअर जुनं, त्याला कुलपाचं दार दिसेचना. ते विकणारा माणूस फोनवर म्हणाला, "नवीन व्हर्जन येतंय, महिन्याभरात देतो." उद्‌घाटनाची तारीख ठरलेली, ट्रस्टी येणार होते. सुदेशनं त्या दोन खात्यांपुरतं उघडं दार चालू ठेवलं. वहीत लिहिलं, '३८९ बंद करणे, व्हर्जन आल्यावर.'

उद्‌घाटनाला नारळ फुटला, पेढे वाटले. नाबरांनी सगळ्यांसमोर त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "हे आमचे घाग. डिग्री नाही, पण डिग्रीवाल्यांना शिकवतील." त्या दिवसापासून सगळे त्याला सुदेश सर म्हणायला लागले. घरी त्यानं पेढा सहदेवांच्या हातावर ठेवला तेव्हा म्हातारा म्हणाला, "सांभाळ. स्टोअरमध्ये माल लावणं सोपं असतं. राखणं कठीण."

व्हर्जन महिन्यात आलं नाही, सहा महिन्यांतही आलं नाही. सुदेशनं दोनदा फोन केला, मग करायचा राहिला. मधल्या काळात रेकॉर्ड रूमची दुरुस्ती निघाली. संचिताचं टेबल पोटमाळ्यावर हलवलं. तिथे वायर पोचत नव्हती, म्हणून मशीन वायफायवर घेतलं. खाली वेटिंग हॉलमध्ये पेशंटच्या नातेवाइकांसाठी जे वायफाय होतं, त्याच डब्यातून हेही निघत होतं, आणि त्याचा पासवर्ड हॉलच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलेला होता. वायफायचा पासवर्ड ठाऊक असणाऱ्याला आजूबाजूच्यांचं काय येतंय-जातंय ते थोड्या खटपटीनं ऐकता येतं. सुदेशला हे माहीत होतं. त्या वेळी आठवलं नाही, एवढंच.

नोव्हेंबरात एका दुपारी एक गृहस्थ नाबरांच्या केबिनमध्ये शिरले आणि टेबलावर फोन आपटला. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. मुलीला लहानपणी फिट यायच्या, औषधानं बऱ्या झाल्या होत्या. तिच्या त्या सगळ्या कागदांचे फोटो मुलाकडच्या लोकांच्या ग्रुपवर फिरले होते. लग्न मोडलं होतं. "माझी पोरगी चार दिवस जेवलेली नाही," ते म्हणाले. 

नाबरांनी सुदेशला बोलावलं. "कोणी उघडली ती फाईल, ते निघेल का?"

"निघेल, सर. सगळ्याची नोंद राहते."

निघालं. मंगळवार, दुपारी एक वाजून वीस मिनिटं. रिपोर्ट बघायचं जे पान फोनवरही उघडायचं, तिथून फाईल उघडलेली. नाव संचिता ओव्हाळ. नावाच्या पुढे नेहमीप्रमाणे एक आकडा होता, कुठल्या मशीनवरून आलं त्याचा. संचिताच्या मशीनचा आकडा सुदेशनं स्वतः बांधून दिला होता, त्याला तो पाठ होता. हा तो नव्हता. हॉलच्या वायफायला आयत्या वेळी जोडणाऱ्यांना जे आकडे मिळत, त्यांतला हा होता.

त्याला तो दिसला. हे तो नंतर कधी नाकारू शकला नाही. दिसला, आणि मनानं लगेच पांघरूण घातलं, की बाई खाली उतरली असेल, फोनवरून उघडलं असेल.

केबिनमध्ये संचिताला बोलावलं. नाबर, दोन ट्रस्टी, सुदेश. तिला कागद दाखवला. ती आधी गोंधळली, मग म्हणाली, "एक वीसला मी जेवत होते. ठमाबाईंबरोबर. विचारा त्यांना."

"जेवताना हातात फोन असतोच ना तुमच्या," एक ट्रस्टी म्हणाले. "मुलाकडच्यांनी काय दिलं तुला?"

"सर, मी त्या मुलीला ओळखतसुद्धा नाही." तिनं सुदेशकडे पाहिलं. "सुदेश सर, तुम्ही सांगा ना. माझा पासवर्ड मी कोणाला देत नाही, तुम्हाला माहितेय. दुसऱ्या कोणाला मिळू शकतो का तो?"

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. नाही म्हटलं तरी वर्षभर ज्याला सर म्हणत होते, त्याच्याकडे. मिळू शकतो म्हटलं, की पुढचा प्रश्न होता, कसा? आणि त्याचं उत्तर त्याच्या वहीत लिहिलेलं होतं. 

"लॉगमध्ये जे आहे ते आहे," तो म्हणाला. "मशीन खोटं बोलत नाही."

संचितानं ओढणीनं चेहरा पुसला आणि ती बाहेर गेली. संध्याकाळी तिच्या हातात पत्र पडलं. सुदेशला नाबरांनी तिचं खातं बंद करायला सांगितलं आणि त्यानं एका जागी केलं, सगळीकडे बंद झालं.

ठमाबाई दुसऱ्या दिवशी वर आल्या. "सुदेस सायेब, पोरगी माज्या बाजूला बसून भाकर खात व्हती. फोन पिशवीत व्हता तिचा. तुमी बोलले नाय काय?"

"मावशी, ते कॉम्प्युटरचं असतं. तुम्हाला नाही कळणार."

"मला नाय कळत," ठमाबाई म्हणाल्या. "पन मी बगितला ना डोल्यानं."

जानेवारीत लॅबचं आणि रेकॉर्ड रूमचं नवं सॉफ्टवेअर अखेर आलं. उघडं दार बंद करण्यापूर्वी तिथून अजून कोण कोण ये-जा करतंय हे बघायला हवं होतं, म्हणून सुदेशनं सकाळी दहाच्या सुमारास सर्व्हरवर ऐकण्याचा प्रोग्राम लावला. त्याला वाटलं होतं, दोन-चार मशीनं दिसतील. स्क्रीनवर ओळी सरकायला लागल्या आणि त्याच्या हातातला चहा तसाच राहिला. लॅब होती, रेकॉर्ड रूम होती, आणि त्या सॉफ्टवेअरमध्ये डोकावणारी प्रत्येक नर्स, प्रत्येक डॉक्टर. नावं, आणि नावापुढे पासवर्ड, सरळ वाचता येतील असे. कोणाच्या गावाचं नाव, कोणाच्या लेकराचं, त्यापुढे जन्मसाल. एका वयस्क सिस्टरचा पासवर्ड म्हणजे तिच्या नवऱ्याचं नाव आणि तो गेला ती तारीख होती. रोज कामाला बसताना ती हे टाइप करत होती, आणि ते उघड्या दारातून पोस्टकार्डासारखं जात होतं.

सुदेशनं प्रोग्राम बंद केला. नोव्हेंबरचा लॉग पुन्हा काढला. तो आकडा पुन्हा पाहिला, आणि ह्या वेळी त्यावर पांघरूण घालायला मनाला काहीच सापडलं नाही. हॉलमध्ये लॅपटॉप घेऊन बसलेल्या कोणालाही संचिताचा पासवर्ड उचलता आला असता. कोणी उचलला, हे काही त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. हॉलमध्ये दिवसाला तीनशे माणसं बसायची.

तो नाबरांकडे गेला आणि सगळं सांगितलं. नाबरांनी चष्मा काढून पुसला.

"आत्ता बंद केलंत का ते?"

"करतो, सर."

"करा. आणि घाग, हे तुमच्या-माझ्यात. लग्न मोडलेल्या त्या मुलीच्या वडिलांनी केस टाकलीय. आपलंच दार उघडं होतं हे आपणच सांगितलं, तर उद्या गेटला कुलूप लागेल. चारशे माणसांची चूल आहे ही."

"पण ओव्हाळ..."

"तिला नोकरी मिळेल कुठेही. हुशार आहे."

सुदेश खाली आला आणि पुढचे पंधरा दिवस त्यानं ते काम इतकं नीट केलं, की जन्मात तसं केलं नव्हतं. तीनशे एकोणनव्वद बंद केलं. सगळी मशीनं कुलपाच्या दारावर घेतली. नाव न सांगता कोणालाही यादी वाचता येत होती, ते थांबवलं. पाचदा चुकीचा पासवर्ड पडला की खातं आपोआप अडेल असं केलं. हॉलचं वायफाय वेगळं तोडलं. चारशे माणसांना पासवर्ड बदलायला लावले. लोक कुरकुरले. नाबरांनी त्याचं कौतुक करणारं पत्र काढलं, ते त्यानं घरी दाखवलं नाही. आंबिवलीचा विषय मनात आला की तो उठून कुठल्यातरी मजल्यावर जायचा आणि चालू असलेलं मशीन तपासायचा.

असा फेब्रुवारी गेला, मार्च गेला.

एप्रिलमध्ये ठमाबाईंनी त्याला जिन्यात अडवलं. "संचिताचा बाप गेला. झोपेतच. आयतवारी मी जाते त्यांच्याकडं. तुमी येता?"

नाही म्हणायला तोंड उघडलं आणि "येतो" बाहेर पडलं.

आंबिवली स्टेशनपासून पंधरा मिनिटं चालत होतं घर. दोन खोल्या, पुढे छोटा ओटा. वंदना होऊन गेली होती, माणसं पांगत होती, बदलापूरहून आलेला संचिताचा भाऊ त्यांना निरोप देत होता. संचिता आत होती, बायकांत. तिनं त्याला पाहिलं, मान हलवली, आणि पुन्हा खाली बघायला लागली. तिची आई, जाईबाई, स्वतः पाण्याचा ग्लास घेऊन आली.

"तुम्हीच ना ते सुदेश सर? बसा. आमच्या पोरीला लय शिकवलंत तुम्ही. नाव काढायची तुमचं."

सुदेश ग्लास धरून बसला.

"ते झालं तेव्हापासून ह्यांनी विहारात जायचं सोडलं बघा," जाईबाई सांगू लागली. आवाज शांत होता, रडून झालेल्या माणसाचा. "पोरं बोलवायला यायची. म्हणायचे, पोरांनी इचारलं ताईला का काढलं, तर काय सांगू? इथंच ओट्यावर बसून राहायचे. मला रोज म्हणायचे, तो सुदेश सर आहे ना, त्याला जाऊन भेटतो, त्याला मशीनमधलं सगळं कळतं, तो काढील शोधून. ही जाऊ द्यायची नाही. म्हणायची, सरांनी सांगितलंय काय ते."

त्या वेळी तो बोलू शकला असता. पाच माणसं होती खोलीत. तो पाणी प्याला, ग्लास खाली ठेवला, हात जोडले आणि उठला. परतीच्या वाटेवर ठमाबाई काहीतरी सांगत होत्या, त्यातलं त्याला काही ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला नाही. दुपारी घरात दोघंच होते. सहदेव खिडकीशी बसून तांदूळ निवडत होते, कारखाना सुटल्यापासून हे काम त्यांनी आपल्याकडे घेतलेलं. सुदेश समोर खाली बसला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं बोलला. इतकं सलग तो वडिलांशी कधीच बोलला नव्हता. सहदेव तांदळातले खडे वेचत राहिले. सांगून झाल्यावर सुदेश वाट बघत राहिला.

"मला कशाला सांगतोस?" सहदेव म्हणाले. "मी तिचा कोण?"

सुदेशच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हाताऱ्यानं ते पाहिलं, पण सूप काही खाली ठेवलं नाही.

त्या आठवड्यात त्यानं चार पानी पत्र लिहिलं. लॉगची प्रत जोडली, वहीतलं ते पान जोडलं, आकडा कोणाचा ते लिहिलं, आणि लिहिलं की ही गोष्ट मला नोव्हेंबरात दिसली होती आणि जानेवारीत पुरती कळली होती. एक प्रत सगळ्या ट्रस्टींना, एक केसचा तपास करणाऱ्या पोलिसांना. नाबरांनी फोन केला तो फक्त एवढं म्हणायला, "घाग, तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा मारलात, आणि आमच्याही." महिन्याअखेर त्याला यायचं नाही असं सांगितलं. डिरेक्टरीत त्याचं खातं बंद करायला कोणाला येत नव्हतं. ते त्यालाच फोनवरून सांगावं लागलं.

तिसरी प्रत घेऊन तो डोंबिवलीला गेला. संचिता तिथे एका क्लासच्या ऑफिसात प्रवेशाचे फॉर्म बघायची, हे त्याला ठमाबाईंकडून कळलं होतं. दुपारची सुट्टी होती. ती बाहेर आली, दोघं जिन्याखाली उभे राहिले. तिनं चारही पानं उभ्या उभ्या वाचली. तिसऱ्या पानाशी थांबून मागे गेली आणि पुन्हा वाचली.

"जानेवारीत कळलं तुम्हाला," ती म्हणाली.

"हो."

"आणि आकडा तर त्या दिवशीच दिसला होता. मी समोर उभी असताना."

"हो."

"आबा एप्रिलमध्ये गेले, सर."

जिन्यावरून दोन पोरं उतरली, सुदेश भिंतीकडे सरकला.

"तुम्ही आलेलात. आई तुमच्यासमोर सगळं बोलली. तुम्ही बसून पाणी प्यालात." तिचा आवाज चढला नाही, त्यानं त्याला जास्त लागलं. "मी तुम्हाला कधी नावं ठेवली नाहीत, माहितेय? मला वाटायचं, मशीनच असं दाखवत असेल, तर सर तरी काय करणार. आबा म्हणायचे भेटतो, तर मीच अडवायची. म्हणायची, सरांना कशाला त्रास."

"संचिता, मी..."

"माफी मागू नका. मला नाही जमणार ते. खोटंखोटं 'जाऊ द्या' म्हणून टाकीन आणि घरी जाऊन मलाच त्रास होईल."

वरून कोणीतरी तिला हाक मारली. तिनं पानं घडी करून पर्समध्ये ठेवली. जिना चढताना मध्येच थांबली.

"हे आईला मी वाचून नाही दाखवणार," ती म्हणाली. "तिला तुम्ही बरे वाटता. राहू दे एक माणूस तरी."

ऑगस्टमध्ये ट्रस्टनं तिला पत्र पाठवलं, आरोप मागे घेतल्याचं आणि पुन्हा रुजू व्हावं असं सांगणारं. ती गेली नाही. केस अजून चालू आहे. ज्या मुलीचे कागद फिरले, तिचं लग्न पुन्हा जमल्याचं सुदेशच्या कानावर आलेलं नाही. नाबर मुदतीआधी निवृत्त झाले. हॉस्पिटल काही बंद पडलं नाही.

सुदेश आता कल्याणला एका दुकानात लॅपटॉप दुरुस्त करतो. काम तेच, स्क्रू काढायचे आणि बघायचं. तिथे त्याला सर म्हणत नाहीत, आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. घरात बोलणं आणखी कमी झालं आहे. सान्वी मध्येच विचारते, "बाबा, तुम्ही हॉस्पिटल का सोडलं?" तेव्हा मेघना तिला काहीतरी काम सांगते.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी तो आंबिवलीला गेला. जाईबाईला सांगायचं, असं ठरवून निघाला होता. संचितानं नको म्हटलं होतं, तरी सांगायचं. चांगुलपणाचं उसनं नाव घेऊन त्या घरात आपण राहायचं, हे त्याला सोसत नव्हतं. दाराला कुलूप होतं. ओट्यावर धूळ साचलेली. शेजारच्या बाईनं पडदा बाजूला केला.

"माय-लेकी बदलापूरला गेल्या, पोराकडे. महिना झाला. तुम्ही कोण?"

 त्यानं नाव सांगितलं, पूर्ण, आणि हॉस्पिटलाचंही. बाईच्या कपाळाला आठी पडली. तिला काय ठाऊक होतं आणि काय नाही, हे त्याला कळेना.

"फोन आला तर सांगीन," ती म्हणाली आणि पडदा सोडला.

सुदेश थोडा वेळ ओट्याशी उभा राहिला. समोरच्या गल्लीतून दोन पोरं वह्या घेऊन विहाराच्या दिशेनं पळत गेली. तो स्टेशनकडे वळला.